मोतीबिंदू शिबिरासाठी आवाहन: पैसे कशासाठी हवेत आणि कशासाठी नकोत

सस्नेह नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्या ग्रामस्थ मंडळाचे मोतीबिंदू शिबिर लागते. यंदा वर्गणीचा विषय निघताच मुंबईच्या बैठकीत काही चाकरमान्यांनी एकच धोशा लावला, "पैसे देतो, पण गावच्या म्हाताऱ्यांचंही लेझरनं करा. शिबिरातली मोठी चीर आता जुनी झाली." भावना चांगली आहे. मागणी मात्र समितीला पटलेली नाही.

ज्याला आपण सरसकट लेझर म्हणतो, ते बहुतेक वेळा फेको असते. तीन मिलिमीटरहून लहान छेदातून सुई आत जाते, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडते आणि शोषून घेते. शिबिरात एसआयसीएस पद्धतीने शस्त्रक्रिया होते. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून मोतीबिंदूची गाठ अखंड बाहेर काढतात. बोगदा डोळ्यातल्या दाबाने आपोआप मिटतो. टाका इथेही लागत नाही.

चिरेपेक्षा मोठी काळजी असते कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराची. त्याच्या आतल्या बाजूला मधाच्या पोळ्यासारख्या सहाकोनी पेशींचा एकच पदर असतो. मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार पेशी. कॉर्नियातले पाणी सतत उपसून तो स्वच्छ ठेवणे हे त्यांचे काम. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही, शेजारच्या पसरून जागा भरतात. संख्या पाचशेच्या आसपास उतरली की कॉर्निया सुजून पांढरट होतो. मग नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाची वाट बघायची.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, थोड्या पेशी जातातच. फेकोत ध्वनिलहरींची ऊर्जा आणि उडणारे तुकडे त्रास देतात, एसआयसीएसमध्ये बाहेर येणारी गाठ कॉर्नियाला घासण्याची भीती. आपल्याकडची माणसे "भातकापणी होऊ दे" म्हणत थांबतात आणि येतात तेव्हा मोतीबिंदू तपकिरी, कडक झालेला असतो. तो फोडायला फेकोला जास्त ऊर्जा लागते. पुण्याच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून 2010 मध्ये निष्कर्ष मांडले. सहा आठवड्यांनंतर पेशींच्या नुकसानीत दखल घ्यावी असा फरक त्यांना दिसला नाही. फेकोनंतर चष्म्याचा तिरका (सिलिंडरचा) नंबर कमी येतो, हे मान्य. पण तेवढ्यासाठी फेकोच्या यंत्रामागे लाखो रुपये घालावेत असे आम्हाला वाटत नाही.

पैसे हवेत ते विस्कोसाठी. गाठ काढण्याआधी डॉक्टर ही चिकट जेल गाठीच्या वर आणि खाली सोडतात, म्हणजे गाठ आणि कॉर्निया यांच्यात गादी तयार होते. कडक गाठीला दुसरी सिरिंज फोडावी लागली तर हात आखडायला नको. दुसरी गरज स्पेक्युलर मायक्रोस्कोपची. हे यंत्र डोळ्याला न शिवता पेशींचा फोटो काढून त्या मोजते. कोणाच्या पेशी आधीच कमी आहेत ते शस्त्रक्रियेपूर्वी कळते. आम्ही शिबिर घेतो त्या धर्मादाय रुग्णालयाने त्यासाठी निधी उभा केला आहे, त्यात आपला वाटा घालायचा आहे.

उरलेली रक्कम औषधाचे थेंब आणि फेरतपासणीच्या प्रवासाला जाईल. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण वाडीपासून फाट्यापर्यंतची रिक्षा आणि सोबत येणाऱ्याचे तिकीट कोण देणार? बरेच जण पट्टी सुटली की परत फिरकत नाहीत, त्याचे हेही एक कारण आहे. कॉर्नियाला सूज आली तर ती तपासणीतच सापडते.

रुग्णालयाचे दरपत्रक आणि मंडळाच्या खात्याचा तपशील व्हॉट्सअॅप गटावर टाकला आहे. रक्कम कितीही चालेल, पावती प्रत्येकाला मिळेल. विस्को, यंत्र की प्रवास, कशासाठी देता ते कळवा; हिशेब तसाच वेगळा ठेवू. पैसे जमत नसतील तर तपासणीच्या दिवशी गाडी घेऊन या. आणि गणपतीला गावी आलात की घरच्यांचे डोळे तेव्हाच दाखवून घ्या, भातकापणीची वाट बघू नका.

आपली,
शिबिर समिती, ग्रामस्थ मंडळ