शेरू, जाई-जुई आणि तो व्हिडिओ

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर छकुलीनं सांगितलं की वाढदिवसाला तिला गिनी पिग हवेत, दोन, अगदी माझ्या जाई-जुईसारखे, आणि तुमच्या कुत्र्याशी, वाघ्याशी, त्यांची गट्टी ती स्वतः जमवून देणार आहे. मागून भाऊजी "बघू, बघू" म्हणाले, म्हणजे येणार हे नक्की. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर अर्धं बोलणं विसरायला होतं, म्हणून आज नीट बसून लिहिते आहे. भाऊजींनाही वाचायला दे.

आधी त्या व्हिडिओचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी पाठवला होता तो. माझा कुत्रा शेरू पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बसलाय आणि आत जुई त्याच्याकडे बघत शांत बसली आहे. आईनं तो साऱ्या गोतावळ्याला दाखवला. छकुलीच्या मनातली गट्टी तिथूनच आली, म्हणजे माझ्यामुळेच आली. ताई, तो व्हिडिओ पुन्हा लाव आणि फक्त जुईच्या तोंडाकडे बघ. वाळक्या गवताची एक काडी तिच्या ओठांतून अर्धी बाहेर आलेली आहे. गिनी पिग खात असला की अशी काडी सरसर आत ओढली जाते, गाल भराभर हलत असतात. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत काडी जिथल्या तिथे. शेरूच्या श्वासानं खालचा भुसा उडतोय आणि जुईची मिशीसुद्धा हलत नाही. तेव्हा मला वाटलं, केवढा विश्वास आहे हिचा! ती भीतीनं थिजली होती गं. लपायला जागा नसली की गिनी पिग असाच दगडासारखा बसतो. हललं नाही तर शिकाऱ्याच्या नजरेतून सुटू, एवढंच त्या जिवाला ठाऊक असतं.

आता शेरूकडे बघ. कान पुढे, तोंड घट्ट मिटलेलं, पुढचा एक पाय किंचित उचललेला, शेपटीचं नुसतं टोक हलतंय. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असं आपण लहानपणापासून धरून चाललो. पण कुत्रा शिकार करतो ती ठरलेल्या पायऱ्यांनी: रोखून बघणं, दबकत जाणं, पाठलाग, धरणं, झटकून मारणं. लांडग्यांकडून आलेला हा क्रम माणसानं जाती घडवताना कुठे अर्ध्यावर थांबवला, कुठे मुद्दाम धारदार केला. मेंढ्या वळणारे कुत्रे रोखून बघतात, पळवतात आणि सहसा तिथेच थांबतात. टेरियर तर उंदीर-घुशी मारण्यासाठीच तयार केलेले. माझा शेरू त्या व्हिडिओत पहिल्या पायरीवर उभा होता आणि मी कौतुकानं फोन धरून बसले होते.

त्यानंतर जे झालं ते मी घरी कुणालाच सांगितलं नाही. आईला त्रास होईल म्हणून तेव्हा गप्प राहिले, आज तुला सांगते.

त्या दिवशी मी पिंजरा साफ करत होते. दारावरची घंटा वाजली म्हणून वरचं झाकण नुसतं टेकवून गेले, कडी लावली नाही. खोलीचं दारही लोटलेलंच होतं. मला एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. परत आले तर पिंजरा कलंडलेला, जुई कोपऱ्यात आणि जाई शेरूच्या पंजाखाली. मी ओरडले, तो लगेच बाजूला झाला. जाईला उचललं. रक्ताचा थेंब नाही. मानेमागचे केस तेवढे ओले झाले होते. म्हटलं, देवानं वाचवलं, आणि तिला परत आत ठेवलं.

रात्री तिनं गवताला तोंड लावलं नाही. सकाळीही नाही. गिनी पिगच्या पोटाचं काम सतत काहीतरी आत जात राहिलं तरच चालतं; एक दिवस उपास घडला तरी आतडं मंदावतं आणि जीव जाऊ शकतो. मला तेव्हा एवढं माहीत नव्हतं. माझ्याकडे शेरूच्या जखमेसाठी आणलेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्या होत्या. एकीचा तुकडा करून तिला द्यावा म्हणून मी चमच्यात पाणीसुद्धा घेतलं होतं. नवऱ्यानं हात धरला, म्हणाला, आधी डॉक्टरांना विचार. ताई, ती गोळी तिला दिली असती तर कदाचित मीच मारलं असतं तिला. ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं पोटात गेली की गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावतो. कुत्र्याला जे औषध सहज चालतं तेच यांना विष ठरतं. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंबही यांना आपल्या मनानं लावायचे नाहीत.

डॉक्टरांनी मानेमागचे केस कापले तेव्हा तिथे सुईच्या टोकाएवढं एक भोक दिसलं. दाताचं. वरून काही नाही आणि आत पू धरायला लागला होता. केस दाट आणि कातडी सैल असल्यामुळे वरून काही कळत नाही. दाबानं आतून मार बसला असेल तर तोही दिसत नाही. म्हणून नियम पक्का लक्षात ठेव: कुत्र्याचं तोंड किंवा पंजा लागला की जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. जाई वाचली. पण दोन आठवडे दर काही तासांनी, रात्रीसुद्धा उठून, सुई नसलेल्या सिरिंजनं तिला भरवावं लागलं. ओठाच्या कडेनं एक थेंब आत, मग ती गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा.

शेरूचा मला राग आला नाही. त्याचा काय दोष? गेल्या पावसाळ्यात वाघ्यानं घूस धरली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती, आठवतं ना? किलोभर वजनाचं, केसाळ, जमिनीलगत पळणारं आणि चिरक्या आवाजाचं जनावर मारलं की घर खूश होतं, हे तो शिकला आहे. घूस आणि गिनी पिग यांतला फरक त्याला कोण सांगणार?

आता आमच्याकडे दोघांची घरं वेगळी आहेत. जाई-जुईची खोली निराळी, दाराला आत-बाहेर दोन्हीकडून कडी. आत पिंजरा, त्याला पक्कं झाकण आणि वेगळी कडी. एक अडसर विसरला तर दुसरा असतो. पिंजरा कमरेएवढ्या भक्कम टेबलावर आहे, म्हणजे कुत्र्याचं तोंड त्यांच्या तोंडासमोर येत नाही. आत दोन दारांची लाकडी घरटी ठेवली आहेत, कोंडलं जाऊ नये म्हणून. दाबल्यावर चीं-चीं करणारी शेरूची सगळी खेळणी मी काढून टाकली. त्याच आवाजाला चावायचं, असं रोज शिकवून मग खऱ्या चीं-चींकडे दुर्लक्ष करायला सांगायचं, हे कसं जमणार?

शेरूला मी "सोड" शिकवलं. आधी चेंडूवर, मग खाऊवर, आणि फार पुढे जाऊन त्या खोलीच्या उंबऱ्यावर. लांब फिरवून आणायचं, पट्टा हातात, खोलीच्या टोकाला सतरंजीवर बसवायचं. त्यानं आपणहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं की लगेच बक्षीस. पाच मिनिटं झाली की बाहेर. नजर खिळली, अंग ताठ झालं की लगेच अंतर वाढवायचं, रागवायचं नाही. रागावलं की त्याच्या डोक्यात बसतं, हे प्राणी दिसले की घरात वाईट घडतं. चार महिने गेले यात. आज तो उंबऱ्यावर येतो, हुंगतो, जांभई देऊन निघून जातो. मला एवढंच हवं होतं, त्याला त्यांचा कंटाळा यावा. तरीही दोघांमध्ये जाळी नसताना मी एक क्षणही त्याला आत सोडलेलं नाही आणि कधी सोडणार नाही.

दुसऱ्या बाजूचंही लिहिते. खोकणाऱ्या कुत्र्याच्या नाका-घशात बोर्डेटेला नावाचा जंतू असू शकतो, आणि कधी कधी अजिबात न खोकणाऱ्या कुत्र्यातही तो असतो. गिनी पिगला त्यानं न्यूमोनिया होतो. म्हणून वाघ्याला हात लावला की हात धुऊन मगच त्यांना उचलायचं. आणि गिनी पिगच्या अंगावरचा गजकर्ण कुत्र्यालाही होतो, छकुलीलाही होऊ शकतो, तेव्हा नवीन जोडी आणली की आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. छकुलीला सांग, उचलायचं ते जमिनीवर बसूनच, दोन्ही हातांनी, एक हात पोटाखाली. उभ्यानं हातातून सुटले तर पाठीचा कणा मोडू शकतो. आणि त्या वेळी वाघ्या बंद दाराआड.

गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतात. तेवढी वर्षं रोज दोन कड्या लावायला तुमच्या घरात कोण आहे, ते दोघांनी बसून ठरवा. खोली वेगळी देता येत नसेल, तर माझं ऐक आणि वाघ्या आहे तोवर आणू नका. छकुली रडेल. तिला मी फोनवर सांगेन, व्हिडिओ माझा होता, चूक माझी होती. त्यांच्या खाण्याचं आणि जोडीचं नंतर लिहीन, आधी हे ठरू दे.

एक काम कर. अंगणात खार उतरली की वाघ्या काय करतो, त्याचं चित्रण करून पाठव. आधी हाक मारू नकोस, नुसतं बघ. त्याचे कान, तोंड आणि पाय नीट दिसतील असं कर, आणि तू हाक मारल्यावर तो किती वेळानं वळतो तेही शेवटी घे.

आईला नमस्कार, छकुलीला पापा.

तुझी,
धाकटी