वेग ओसरल्यावर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

चेंडूचा वेग कमी झालाय, म्हणून तू धास्तावलायस. वॉरन स्पान बघ. बेसबॉलमधला, तुझ्यासारखाच डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; नावावर 363 विजय. डावखुऱ्यांत आजही इतके कुणाचे नाहीत. आणि त्यातला पहिला वयाच्या पंचविसाव्या वर्षी! 1942 मध्ये बोस्टन ब्रेव्हज संघाकडून जेमतेम चार सामने खेळला, मग युद्धावर गेला, तो 1946 मध्ये मैदानावर परतला.

1949 ते 1952 सलग चार वर्षं अमेरिकेतल्या नॅशनल लीगमध्ये स्ट्राइकआउटमध्ये, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करण्यात, तोच पुढे होता. ती फास्टबॉलची वर्षं. वेग ओसरल्यावर त्याने स्क्रूबॉल आणि स्लायडर हे वळणारे चेंडू हाताशी धरले. बॅटरचं टायमिंग बिघडवणं हेच पिचरचं काम, असं तो मानायचा.

त्याची लेग किक नुसती ऐट नव्हती. उजवा पाय उंच जायचा, चेंडू पाय आणि ग्लव्हच्या आड राहायचा आणि बॅटरला उशिरा दिसायचा. पहिल्या बेसवर रनर असेल तर डावखुऱ्याचं तोंड आपसूक त्याच्याकडेच असतं. पाय उचलल्यावर चेंडू प्लेटकडे, म्हणजे बॅटरकडे, जाणार की बेसकडे, हे रनरला कळत नाही. पण तोच पाय वळून रबरच्या, म्हणजे पिचरच्या पायाखालच्या पट्टीच्या, मागच्या कडेपलीकडे गेला की पहिल्या बेसवर फेकता येत नाही. फेकलास तर बॉक, म्हणजे नियमभंग. पोरं इथेच गंडतात.

स्क्रूबॉल सोडताना मनगट कर्व्हबॉलच्या उलट वळतं. डावखुऱ्याचा चेंडू मग उजव्या बॅटरपासून दूर पळतो. वळलाच नाही तर संथ, सरळ, मारायला आयता. 2 जुलै 1963 ला कँडलस्टिक पार्कवर 42 वर्षांचा स्पान समोरच्या संघाचा 25 वर्षांचा पिचर हुआन मारिशाल याच्यापुढे सोळाव्या इनिंगपर्यंत टिकला, 201 चेंडू टाकले. शेवटचा स्क्रूबॉल वळला नाही, मारिशालच्या संघातल्या विली मेजने होमरन मारला. 1-0 ने हार. तरी त्या मोसमात 23 विजय, फक्त 7 पराभव.

तू मात्र स्क्रूबॉल सध्या नको. कोपरावर ताण येतो. आधी चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू. चेंडू तळहाताजवळ धर, पण हाताची गती फास्टबॉलइतकीच ठेव. हात मंदावला की बॅटर ओळखतोच. बाजूने व्हिडिओ काढून पाठव, दोन्ही चेंडूंचा.

तुझे
बाबा