धुळ्याच्या भाऊंना डिस्क एन्क्रिप्शनसाठी जाहीर थँक्यू

रामराम भाऊ,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "राहू द्या हो" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. माझं काम तुम्हाला माहितीच आहे, रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांचे हिशोब आणि रिटर्न, म्हणजे लोकांचे पॅन, आधार, पासबुकं सगळं एका जुन्या लॅपटॉपात आणि तो लॅपटॉप एसटीत माझ्या मांडीवर. तुम्ही जळगावला आलात, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि लॉगिनचा पासवर्ड न टाकताच सगळ्या फायली उघडून दाखवल्या, तेव्हा पोटात गोळाच आला हो.

इथला दुकानदार नवीन लॅपटॉप घ्या म्हणून मोकळा झाला. तुम्ही म्हणालात डीएम-क्रिप्ट, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची सोय, २००४ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) आहे, फुकट आहे, आधी बेंचमार्क (वेगाची चाचणी) तर चालवा. माझ्या प्रोसेसरमध्ये एईएस या नेहमीच्या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी हार्डवेअरची सोयच नाही त्यामुळे ते रांगत होतं, मग तुम्ही ॲडियंटम नावाचं हलकं एन्क्रिप्शन लावलं. गूगलवाल्यांनी स्वस्त फोनसाठी बनवलेलं, २०१९ मध्ये कर्नल ५.० सोबत आलेलं, ते माझ्या डबड्याला बरोबर लागू पडलं, मजाच आहे!

आणि तो कर्नल अपडेट. रिटर्नची शेवटची तारीख डोक्यावर आणि मशीन पासफ्रेजच (डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) विचारेना, काळ्या स्क्रीनवर नुसतं इनिटरॅमएफएस, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चढणारी छोटी सिस्टीम. तुम्ही रात्री फोनवर सांगितलं की डेटा जागेवरच आहे, नवीन कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये डिस्कचं कुलूप उघडणारं क्रिप्टसेटअप आलेलं नाही एवढंच, ग्रबमधून (सुरुवातीच्या मेनूमधून) जुना कर्नल निवडा. निवडला, चालू झालं, मग नवीन कर्नलची इनिटरॅमएफएस परत बनवून घेतली. त्या गडबडीत मी घाबरून तुम्हाला पासफ्रेज सांगायला लागलो तर तुम्ही फोनच कट केला! परत लावून म्हणालात, ते सोडून काय ते बोला. भाऊ, खरं सांगू, बाकी सगळ्यापेक्षा मला तेच जास्त भावलं, कारण इकडं रिपेअरला मशीन दिलं की पहिलं पासवर्डच मागतात.

डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या हेडरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवलाय. डिस्कची खरी किल्ली पासफ्रेजने बंद करून लक्सच्या (लिनक्समधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या साच्याच्या) हेडरात ठेवलेली असते, हेडर खराब झाला तर पासफ्रेज पाठ असून उपयोग शून्य, हे आता मीच लोकांना सांगत फिरतो. हेडरातल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये (पासफ्रेजच्या खणात) बायकोची वेगळी पासफ्रेज टाकलीय, ती मलाही माहीत नाही.

हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी खायला या. दोन केळीवाल्या मित्रांचे लॅपटॉप पण तयार ठेवतो, बॅकअप आधीच घ्यायला लावलाय त्यांना.

तुमचाच,
जळगावचा हिशोबवाला