मनू तुझ्यावर गेलीय

सुध्या,

पत्राला उशीर झाला वगैरे धरून चाल. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच तुझं सुरू केलं असतंस, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे बरे. अण्णांची शुगर आटोक्यात, माझी कंबर नेहमीसारखी.

विषय मनूचा. पोरगी तुझ्यावर गेलीय. प्राची म्हणते, बारशाला सुधीरभाऊजींच्या मांडीवर फार वेळ ठेवलं, त्याची फळं.

गेल्या आठवड्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी आलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अर्धं नाशिक पुलावर, तसे आम्हीही. मनूला खांद्यावर घेऊन दुतोंड्या मारुती दाखवला. म्हटलं, पूर किती ते याच्या अंगावर बघतात. झालं! घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीमागे मारुती काढला. दोन तोंडं बसवायची म्हणून डोकं अंगाहून मोठं झालं. मग निळा खडू घेऊन बरोब्बर कमरेवर रेघ. जीभ बाहेर, श्वास रोखलेला. अण्णा म्हणाले, "अगं, अजून थोडं वर घे, शोभेल." तर म्हणते, "आजोबा, शोभेल म्हणून पाणी वर येत नाही."

मग तिचे प्रश्न. विसर्ग मोजतात ते क्युसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. लिटर म्हणजे काय? शेवटी पाण्याच्या वीस लिटरच्या जारसमोर नेऊन उभी केली. बराच वेळ जारकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एवढा एक, आणि वर अर्ध्याला थोडा कमी. आणि असे हजारो?" पहिलीतली पोर, सुध्या! मी त्या रात्री शेजारच्या काकांना दोनदा सांगितलं. ते बिचारे दोन्ही वेळा "वा" म्हणाले.

आता मुख्य. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई म्हणाल्या, मारुती गळ्यापर्यंत बुडालाय. आमचं रत्न उभं राहिलं. "बाई, कमरेपर्यंत. मी काल बघितलं." बाई म्हणाल्या, बस खाली. बसली. पण बसताना "पण कमरेपर्यंतच" म्हणाली. डायरीत शेरा: उलट बोलते.

प्राचीने तिला समजावलं, बाईंना सगळ्यांसमोर असं म्हणू नये, वेळ बघून बोलावं. "मग कधी सांगायचं?" मी पेपर वाचत होतो, सहज म्हटलं, मधल्या सुट्टीत सांग. कार्टी खरंच गेली रे! डबा अर्धा टाकून, कॅलेंडरचा कागद घेऊन. बाईंनी तो बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, बरं, कमरेपर्यंत. शेरा मात्र तसाच आहे.

मला काय वाटावं ते कळत नाही. छाती फुगते आणि पोटात गोळाही येतो. कारण ही दुसऱ्यांच्याच चुका काढते असंही नाही. परवा कप फुटला. विचारायच्या आत स्वतः येऊन सांगितलं, "मी फोडला. पण काठावर आईने ठेवला होता. अर्धा-अर्धा." सापशिडीत माझी सोंगटी सापाच्या तोंडी गेली की मला खाली आणते, तिची गेली की तीही मुकाट्याने खाली येते. डोळ्यांत पाणी, पण खाली. शेजारचा ओम हल्ली तिच्याशी खेळायला येत नाही. का, तर "मनू चीटिंग करू देत नाही." हे तिने मला सांगितलं तेव्हा तक्रार नव्हती, नुसती माहिती. मलाच रात्री झोप लागली नाही.

तुला २००८ चा पूर आठवतच असेल. मी कट्ट्यावर रंगवून सांगत होतो, सरकारवाड्याच्या अमुक पायरीला पाणी लागलं, आणि तू सगळ्यांदेखत, "दिल्या, एक पायरी खाली." तेव्हापासून अबोला, तो पार रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, तू मला ढकललंस तेव्हा सुटला. उडीचा धप्पा मी मारायचा होता, लक्षात आहे. (पायरी मी सांगितली तीच होती. हे मनूला सांगू नकोस, पुरावा मागेल.)

म्हणून तुलाच विचारतो. साहेबाला भर मीटिंगमध्ये आकडा चुकलाय म्हणालास, बदली झाली, वर्षभर एकटा खोलीवर खिचडी खाल्लीस. तेव्हा तू हसण्यावारी नेलंस. खरंच हसत होतास का? लहानपणी तुला काकू "गप्प बस" म्हणायच्या, त्याने काही फरक पडला का? मला तिला गप्प बस म्हणवत नाही. एकदा म्हणून बघितलं, तर तिने विचारलं, "किती वेळ?"

प्राची म्हणते, तिला नीट बोलायला शिकवू, बाकी काही करायचं नाही. पटतं. पण ओमच्या दारावरून जाताना मनू जरा हळू चालते, ते प्राचीने बघितलेलं नाही.

बरं, काकूंचा गुडघा कसा आहे? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग, सविस्तर पुढच्या वेळी. चिवडा पाठवतोय. अर्धा किलो म्हणून घेतला होता, मनूने वाटीभर काढून घेतलाय आणि पुडक्यावर तसं लिहायला लावलंय.

उत्तर फोनवर नको, लिहूनच पाठव.

तुझा,
दिल्या