जायफळाचे वेढे

नाशिक,
१४ डिसेंबर

प्रिय अनिल,

तुझा परवा फोन आला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. 'रात्री दोनला जाग येते ती येतेच' म्हणालास आणि मला गेल्या सालचा नोव्हेंबर आठवला. मखमलाबादची द्राक्षबाग पोंग्यात, म्हणजे कोवळी फूट निघत असलेली, चार दिवस आभाळ भरलेलं, डावणी रोगाच्या भीतीने फवारणीवर फवारणी, आणि सोसायटीचं कर्ज उरावर. मीही असाच छताकडे बघत पडून राहायचो.

जायफळाने गुण येतो का, विचारलंस. मला आला. पण नीट सांगितल्याशिवाय तुला घेऊ देणार नाही, कारण आधी मी ते चुकीचंच घेतलं.

कुणीसं म्हणालं, दुधातून जायफळ घे, गाढ झोप लागते. रविवार कारंजावरून चार जायफळं आणली, अर्धं मिक्सरमधून काढलं आणि पेलाभर दुधात ढवळून प्यालो. दोन-तीन तास काहीच नाही. आणखी घ्यावं असं मनात आलं होतं. नाही घेतलं हे नशीब. मध्यरात्रीनंतर तोंडाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली, भिंत जवळ येतेय की लांब जातेय कळेना. दुसरा अख्खा दिवस गुंगीत गेला. डॉक्टर रागावले. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, एका जायफळाचं वजनच पाच-सहा ग्रॅम, आणि तेवढ्याने माणसाला विषबाधा होऊ शकते. असर उशिरा चढतो, म्हणून माणूस वरून आणखी घेतो आणि फसतो.

आईला कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'अरे, तुला गुटीत एक वेढा द्यायचे मी, आणि तू अर्धं प्यालास?' त्या रात्री तिने सहाण काढली. दुधाचे चार थेंब टाकले, जायफळ चिमटीत उभं धरलं आणि सावकाश गोल फिरवलं. एक. दगडावर तपकिरी ओली रेघ उठली, पुरणाचा वास सुटला. दोन. तीन. थांबली. रेघ बोटाने निपटून कोमट दुधात कालवली. 'मोठ्या माणसालाही एवढंच,' म्हणाली. अनिल, आपल्या बायकांनी चमचा कधी वापरलाच नाही, वेढे मोजले. किती शहाणपणाचं माप आहे बघ! हात कितीही सढळ असला तरी दगड एका वेळी कणभरच देतो.

पुढे रोज रात्री मीच उगाळायला लागलो, आई शेजारी बसायची. अशाच एका रात्री कर्जाचा खरा आकडा तिला सांगितला. तोवर घरात कुणाला सांगितला नव्हता. पंधरवड्यात सलग पाच तास झोप यायला लागली. त्यात जायफळाचा वाटा किती आणि त्या बोलण्याचा किती, मला वेगळं काढता येत नाही. कर्ज आहे तिथंच आहे, पण रात्री ते छातीवर येऊन बसत नाही.

तू बीपीची गोळी घेतोस, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. झोपेची गोळी चालू असेल तर जायफळाला हातच लावू नकोस. सूनबाईला दिवस आहेत, तिच्या दुधात चुकूनही नको. आणि महिनाभर हे असंच चाललं तर जायफळाच्या भरवशावर राहू नकोस, मनाच्या डॉक्टरांकडे जा. मी येईन सोबत, पुणं काही लांब नाही.

तयार पूड घेऊ नकोस. भाच्याबरोबर दोन अख्खी जायफळं आणि छोटी सहाण पाठवतोय. जड आणि बिनकिडकी बघून आईने निवडलीत. सुई टोचून पाहिली, तेल सुटलं, मगच पुडीत बांधली.

रात्री दोनला जाग आली तर फोन कर. फवारणीसाठी मला पाचला उठायचं असतं, तरी उचलीन.

तुझा,
विलास