टाके पडल्यानंतरचे दहा दिवस

महोदय,

घरच्या कुत्र्या-मांजराचं ऑपरेशन पोरांच्या सुट्या पाहून मे महिन्यात धरू नये. मराठवाड्यात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, आणि कुत्रं अंगातली उष्णता बाहेर टाकतं ते धापा टाकून. भुलेच्या अंमलात ते नीट जमत नाही. टाके चोख पडलेले असतात, पण दुपारी बाराला तापलेल्या रिक्षातून घरी आणताना उष्माघात गाठतो. नसबंदीसारखं थांबू शकणारं काम हिवाळ्यात, सकाळच्या पहिल्या नंबरला करावं. कुत्री माजावर असेल तर माज संपून दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. माजात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. गर्भाशयात पू झाला असेल तर अर्थातच मुहूर्त पाहायचा नसतो.

आपल्याकडे कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडली तर कुणाला नवल वाटत नाही. पण गोचीडतापात प्लेटलेट्स घसरतात आणि चाकू लागला की रक्त लवकर थांबत नाही. जनावर वरून धडधाकट दिसतं, तिथंच फसगत होते. आधी रक्ततपासणी करावीच. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट्स साधारण २ लाखांच्या वर असतात. वजन काट्यावर करावं, अंदाजानं सांगू नये, कारण भुलेची मात्रा त्यावरच ठरते. लातूरकडच्या कारवानी, पश्मीसारख्या सडपातळ कुत्र्यांची जात डॉक्टरांना मुद्दाम सांगावी. अंगात चरबी कमी असल्यानं काही प्रकारची भूल त्यांना उशिरा उतरते.

अंघोळ दोन दिवस आधी. शेवटचं खाणं आदल्या रात्री दहाला, पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. पहाटे कुणीतरी मायेनं चारलेली अर्धी भाकर अशी जिवावर बेतते, तेव्हा घरातल्या सगळ्यांना रात्रीच बजावून ठेवावं. लहान पिल्लाला मात्र रात्रभर उपाशी ठेवू नये, रक्तातली साखर उतरते. त्याचे तास डॉक्टरांनाच विचारावेत.

घरी आणल्यावर पलंगावर नाही, जमिनीवर गोधडी टाकून कुशीवर निजवावं. केटामाइनच्या भुलेत डोळे उघडेच राहतात; जागं आहे असं समजून तोंडात पाणी ओतू नये. स्वतःच्या पायावर नीट उभं राहिल्यावर थोडं पाणी, ते पोटात टिकलं की नेहमीच्या पाव हिश्शाएवढा मऊ भात. मांजराच्या वाळूऐवजी काही दिवस फाटक्या वर्तमानपत्राचे तुकडे टाकावेत, वाळू टाक्यांना चिकटते. (आपल्या अंकाचा हा उपयोग माफ करावा.)

चाटल्यानं जखम भरते हा समज गावोगाव आहे. प्रत्यक्षात खरबरीत जीभ टाके उसवते आणि तोंडातले जंतू आत नेते. गळ्यातली शंकूसारखी कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, रात्रीही ठेवावी. तालुक्याला मिळाली नाही तर जुन्या एक्स-रे फिल्मची करता येते. ती नाकाच्या टोकापुढे दोन बोटं यावी, कडेला चिकटपट्टी लावावी, मान आणि कॉलरमध्ये दोन बोटं जागा राहावी.

त्याहून मोठा शत्रू माशी. जवळ गोठा किंवा उकिरडा असेल तर ओल्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात किडे पडतात. जनावर मच्छरदाणीत ठेवावं, टाके सकाळ-संध्याकाळ पाहावेत. हळद-तेल, रॉकेल, डांबरगोळीची पूड यांतलं काहीही लावू नये. डांबरगोळी मांजराला विषारी आहे.

आणि घरातल्या गोळ्या! पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी निकामी होते. दुखतंय हे खरं, पण औषध डॉक्टरांनी दिलेलंच.

दोन-तीन दिवस संडास न होणं, टाक्यांभोवती किंचित सूज येणं चालतं. हिरड्या पांढऱ्या पडणं, टाक्यांखाली फुगा येणं, वारंवार उलट्या, दिवसभर लघवी न होणं किंवा ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर जाणं, यात रात्र काढू नये.

हे सगळं भूल उतरायची वाट पाहणाऱ्या मालकाला तोंडी सांगून लक्षात राहत नाही. म्हणून जिल्ह्यांतल्या सरकारी आणि खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यांना विनंती, की जनावर सोडताना मराठीत छापलेली एक चिठ्ठी हातात द्यावी. तिच्यावर औषधाचं नाव, वजनानुसार मात्रा, टाके काढण्याची तारीख आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर असावा.

आपला,
एक पशुवैद्यक, परभणी