नाव छापू न देणाऱ्या देवगडच्या काजू कारखानदारांस

मा. महोदय,
स. न. वि. वि.

आपले नाव कोठेही छापू नये अशी अट आपण घातली होतीत आणि ती पाळूनच हे पत्र लिहीत आहे. जाहीर आभार मानू नयेत, असे मात्र आपण कधी म्हटले नव्हते, त्या पळवाटेचा फायदा घेत आहे. शिक्षणातील तंत्रज्ञान या एकाच विषयाला वाहिलेल्या आमच्या ऑनलाइन त्रैमासिकाचा खर्च आपण गेली तीन वर्षे उचललात. लेखकांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि वाचकांकडूनही घ्यायचे नाहीत, असे पहिल्याच बैठकीत ठरले, तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी "मग घ्यायचे तरी कोणाकडून?" असे विचारले होते, आपला धनादेश येईपर्यंत त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

ऑनलाइन नियतकालिकाला पैसा लागतोच कशाला, हे आपण पहिल्या भेटीत काजूगराच्या प्रतवारीच्या टेबलाशी उभे राहून विचारले होतेत. ओपन जर्नल सिस्टिम्स ही ऑनलाइन नियतकालिक चालवण्याची प्रणाली कॅनडातील पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने तयार केलेली असून ती कोणालाही फुकट वापरता येते, आयएसएसएन हा नियतकालिकाच्या ओळखीचा आठ अंकी क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो, आमचे समीक्षक मानधन घेत नाहीत आणि संपादकांना तर ते कोणी देऊही करत नाही. खर्च असतो तो सर्व्हरच्या भाड्याचा, डोमेनच्या नूतनीकरणाचा, मुद्रितशोधनाचा आणि डीओआयचा, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणाऱ्या कायमच्या ओळख क्रमांकाचा. संकेतस्थळ उद्या दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तरी लेखाचा डीओआय बदलत नाही, आम्ही नोंदणीत फक्त नवा पत्ता कळवायचा असतो. त्यासाठी नोंदणी संस्थेची वार्षिक वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागते आणि लेखामागे शुल्क वेगळे. हे सगळे ऐकून आपण म्हणालात, "म्हणजे लेखाचा सातबारा." लेखकांच्या कार्यशाळेत डीओआय समजावताना तेव्हापासून मी हेच शब्द वापरतो, तेही आपले नाव न घेता.

मुद्रितशोधनावर एवढी रक्कम कशी, असे आमच्याच खजिनदारांनी विचारले होते. आमचे निम्मे लेखक अजून जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेखन करतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना काही अक्षरे हमखास बिघडतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या शाळांतील मोबाइल नेटवर्कवर एक लेख आला होता, त्यात 'दऱ्या' या शब्दातला चंद्रकोरीसारखा र नाहीसा होऊन सर्वत्र 'दर्या' झाले होते. कोकणात दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत, त्यामुळे वाचकाला चूक कदाचित जाणवलीही नसती. पण ज्या शिक्षकाने 'दऱ्या' असे टाइप करून शोध घेतला असता, त्याला तो लेख कधीच सापडला नसता. कणकवलीच्या एका मुद्रितशोधक ताईंनी तो र अठ्ठावीस ठिकाणी पुन्हा बसवला. आपल्या पैशातून काय झाले, याचे मला सांगता येण्यासारखे सर्वांत नेमके उत्तर हेच आहे.

लेखकांकडून शुल्क घेतले असते तर आपल्याला त्रास द्यावा लागला नसता, हे खरे आहे. परंतु पदोन्नतीसाठी छापील लेख हवा असलेल्या अध्यापकांकडून हजारो रुपये घेऊन, परीक्षणाचे नुसते नाटक करून आठवड्याभरात लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट आपल्याकडे सर्वांनी पाहिला आहे, आणि अशांना वेगळे काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेली 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. शिवाय आम्हाला ज्यांचे लेख हवे होते, ते जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळांतले शिक्षक पदोन्नतीसाठी लिहितच नाहीत.

असे नियतकालिक कोकणातून कशाला, या प्रश्नावर मी पोंभुर्ल्याचे नाव घेतो. त्या गावच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, हे सगळ्यांना पाठ असते. त्यांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढून भूगोल आणि विज्ञानासारखे विषय मराठीत विद्यार्थ्यांपर्यंत नेले, ही गोष्ट आपल्या तालुक्यातही क्वचितच निघते आणि आमच्या कामाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण मात्र दुसऱ्या वर्षी छापलेला एक लेख आहे. आमचे प्रायोजकत्व घेण्याआधी आपण काही शाळांना टॅबलेट भेट दिले होतेत. एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिकेने अशाच टॅबलेटांबद्दल लिहिले होते. लेखात शाळेचे नाव नव्हते, देणगीदाराचेही नव्हते, पण टॅबलेटच्या पाठीवरील काजूच्या चित्राच्या स्टिकरचे वर्णन होते, त्यामुळे देणगीदार ओळखण्यासाठी समीक्षकाची गरज पडली नाही. बारापैकी नऊ टॅबलेट कपाटात पडून होते. मे महिन्याच्या सुटीत ते जवळजवळ रिकाम्या बॅटरीनिशी कपाटात ठेवले गेले आणि जूनच्या मध्याला शाळा उघडली तेव्हा चार्जिंगच घेईनात, दोन टॅबलेटांची पाठ तर फुगून आली होती. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी थोडी थोडी उतरतच राहते, आणि ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की आतले संरक्षक सर्किट तिला चार्ज होऊ देत नाही, हे बाईंनी दुरुस्तीवाल्याकडून समजून घेऊन लिहिले होते. बॅटरी निम्मी भरून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करायची, एवढा साधा उपाय कोणी सांगितलाच नव्हता.

उरलेल्या तीन टॅबलेटांवर त्यांनी काय केले, तो भाग माझ्या मते आम्ही आजवर छापलेल्या मजकुरातील सर्वांत उपयोगी भाग आहे. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचा पाठ उघडतो, पण त्यासाठी रेंज लागते आणि ती त्या गावात फक्त वरच्या सड्यावर मिळते. बाई संध्याकाळी सड्यावर जाऊन दुसऱ्या दिवशीचे पाठ उतरवून घेत; मग पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवत असताना त्याच खोलीत चौथीची मुले तीन टॅबलेटांभोवती गट करून बसत. टॅबलेट देणाऱ्याने आधी वर्गातले सॉकेट मोजावेत आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत, असे त्यांनी शेवटी स्पष्ट लिहिले होते.

आता एक कबुली देणे भाग आहे. तिसऱ्या वर्षीचा धनादेश जमा होईपर्यंत हा लेख थांबवावा, असे संपादक मंडळातील दोघांचे मत होते आणि त्यांतला एक मी होतो. बाकीच्यांनी ऐकले नाही, लेख एका शब्दाचीही काटछाट न होता छापला गेला आणि त्याचा दुवा आपल्याला पाठवण्याचे काम, बहुधा शिक्षा म्हणूनच, माझ्याकडे आले. चार दिवस आपले उत्तर नव्हते. पाचव्या दिवशी आपला फोन आला, तो एवढेच विचारायला, की त्या टॅबलेटांना बॅटरी कोणत्या मापाची लागते. तिसऱ्या वर्षीचा धनादेश ठरल्या तारखेला आला आणि दुरुस्तीची रक्कम वेगळ्या पाकिटात, "ही नियतकालिकाच्या हिशेबात धरू नये" अशा चिठ्ठीसह. नऊपैकी सात टॅबलेट दिवाळीनंतर वर्गात परतले. फुगलेले दोन भंगारात काढावे लागले.

या तीन वर्षांत आपण एकाही लेखाबद्दल सूचना केली नाहीत, जाहिरात मागितली नाहीत, आणि मुखपृष्ठावर कारखान्याचे चिन्ह टाकू या असे आम्ही सुचवले तेव्हा "काजू खायला चिन्ह लागत नाही" म्हणून विषय संपवलात. या सगळ्याबद्दल संपादक मंडळाच्या वतीने, आणि त्या एका मताबद्दलच्या दिलगिरीसह माझ्या वतीने, मनःपूर्वक आभार.

आपल्याला पडद्यावर वाचण्याचा त्रास होतो, म्हणून वर्षभराचे चारही अंक मोठ्या अक्षरांत छापून, हिशेबाच्या प्रतीसह सोमवारच्या एस.टी.ने देवगडला पाठवत आहे. पाऊस आहे, म्हणून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधले आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला नम्र,
संपादक